तिसऱ्या द्राक्षाच्या बाजूने

बाबा,

या जानेवारीत मी तुमचं काम केलं. तीन द्राक्षांच्या तीन वाईन समोर ठेवायच्या आणि त्यांतून एक जुळवायची, ते काम. नाशिकच्या वायनरीत तुमच्याकडे प्रयोगशाळा होती, पांढरा कोट होता. माझ्याकडे नेदरलँड्समधल्या बेस्ट गावातलं आईचं स्वयंपाकघर आणि एक लॅपटॉप. तुम्ही गेलात तेव्हा मी पाचवीत होतो. पुढे आईला इथल्या चिपच्या मशिनी बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, आम्ही दोघं इकडे आलो, आणि आता मी इथलाच आहे, म्हणजे माणूस जितका कुठला असतो तितका.

युट्रेख्टचं कॉलेज मी दुसऱ्या वर्षात सोडलं, हेही सांगून टाकतो. आई लोकांना सांगते की करोनामुळे ब्रेक घेतलाय. करोनाचा काही संबंध नाही. करोना यायच्या आधीच्या सप्टेंबरात मी द्राक्षतोडणीला दक्षिण फ्रान्समध्ये गेलो, थोड्या दिवसांसाठी म्हणून, आणि परीक्षा होऊन गेल्या तरी परतलो नाही. लांगदोक प्रांतातली जुनी इस्टेट आहे ती. पहिली बाग तिथल्या मठातल्या साधूंनी लावली, मग क्रांतीत मठ गेला आणि बाग राहिली. दगडी घर, खाली तळघर, तळघराच्या भिंतींवर मखमलीसारखी काळी बुरशी, जिला कुणी हात लावू देत नाही. मालकीणबाई ऐंशीच्या घरात आहेत आणि तळघर त्यांची नात सांभाळते. पहिल्याच दिवशी तिने माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि म्हणाली, "तू घड कापत नाहीयेस, त्याच्याशी भांडतोयस." कॉलेज सोडण्याचं कारण एवढंच. लिहिल्यावर फार लहान दिसतं.

तिथली लाल वाईन एका द्राक्षाची नसते, हे तुम्हाला मी काय सांगणार. ग्रेनाश गोडवा आणि अंग देतं, सिराह रंग देतं आणि मिऱ्याचा वास, आणि तिसरं कॅरिन्यान, ते आंबट, खरखरीत, कुणाचं फारसं लाडकं नाही. इस्टेटीच्या टेकडीवर त्याची जुनी बाग होती. वेली म्हाताऱ्या झालेल्या, पीक थोडं. आजीला ती उपटून तिथे सिराह लावायची होती. नात म्हणत होती, मी असेपर्यंत नाही. मी युट्रेख्टच्या ज्या आयातदाराच्या गोदामात खोकी उचलतो, तो त्यांची अर्ध्याहून जास्त लाल वाईन घेतो. म्हणून दर हिवाळ्यात तो तिकडे जातो आणि तळघरात बसून मिश्रण ठरवतो. या वर्षी कुणी कुठे जात नव्हतं. नमुन्याच्या बाटल्या कुरियरने आल्या, आणि मी तिथे राबलेलो असल्यामुळे साहेबाने मलाही व्हिडिओ कॉलवर बसवलं. आमच्या मालात कॅरिन्यान नको असं ठरलं तर टेकडीवरची बाग त्याच हिवाळ्यात जाणार होती. कॉलच्या आदल्या दिवशी नातीचा फोन आला. "जे लागेल ते सांग," ती म्हणाली. "माझ्याकडे बघून सांगू नकोस."

वाईन चाखायची ती सकाळी अकराला, जेवणाआधी, कारण तेव्हा जीभ जागी असते असं फ्रेंच लोक मानतात. आपल्या घरी अकराला काय होतं ते माझ्या लक्षातच आलं नाही. ग्लास भरले, कॉल सुरू झाला, आणि दोन मीटिंगांच्या मधे वरून खाली आलेल्या आईने वरणाला फोडणी घातली. तिन्ही ग्लासांना हिंगाचा वास.

"आई, तुला आत्ताच सुचलं?"

"अकराला फोडणी घालू नको तर काय तुझी आरती करू? साडेअकराला माझा कॉल आहे."

"माझं काम चाललंय इथे."

"मग ऑफिसात जा."

"ऑफिस बंद आहे."

"माझंही बंद आहे राजा. म्हणून तर तुझा आवाज ऐकतेय."

मी खूप ओरडलो. पडद्यावरची आजी विचारत होती की घरात कुणी पडलं का. शेवटी ग्लास आणि लॅपटॉप घेऊन मी मागच्या सायकलच्या शेडमध्ये गेलो. लॅपटॉप आईच्या सायकलच्या कॅरियरवर. थंडीने बोटं बधिर झाली होती.

नाशिकला तुम्ही रविवारी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांतून नमुने घरी आणायचात. ओट्यावर ओळीने मांडून मला वास घ्यायला लावायचात. एकदा मी एका बाटलीवर बोट ठेवून म्हणालो, ही सगळ्यात चांगली. तुम्ही वैतागलात. "चांगली कुठली ते कुणी विचारलंय? एकेक काढून बघ. कुणावाचून अडतंय ते सांग." मला वाटलं आपण काहीतरी फोडलं, मी रडायला लागलो, आणि तुम्ही मला समजवायला आला नाहीत, बाटल्यांकडेच बघत बसलात.

शेडमध्ये मी तसंच करतो, दर वेळी एक द्राक्ष वगळून मिश्रण करतो. ग्रेनाश काढून बघतो, वाईन हाडकुळी होते. सिराह काढतो, रंग उतरतो. कॅरिन्यान काढतो आणि वाईन छान लागते. खरंच छान, आधीपेक्षाही. दुसऱ्या घोटाला मात्र तोंड चिकट होतं, गुळाच्या पाण्यासारखं, आणि तिसरा घोट घ्यावासा वाटत नाही. परत कॅरिन्यान घालतो, तर तोंडाला पाणी सुटतं, भूक लागते. तिथे उभ्या उभ्या मला आईचं वरण खावंसं वाटलं. मी सांगितलं, कॅरिन्यान राहू द्या. त्याच्यावाचून अडतं.

साहेब हसला. "तू हेच म्हणणार हे आम्हाला माहीतच होतं." आजी मात्र मायेने म्हणाली, "प्रेमात पडलेल्या माणसाची जीभ मी हिशेबात धरत नाही बाळा. माझ्या नवऱ्याचीही धरली नव्हती." सगळे हसले. नात खाली बघत होती. मी साहेबाला बोलू नये ते बोललो, मग घरात जाऊन आईला तिचा कॉल सोडवून घेऊन आलो. म्हटलं, हिला विचारा, ही कुणाच्याच बाजूची नाही. आईने शेडच्या दारात उभं राहून कॅरिन्यान असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही ग्लासांतला एकेक घोट घेतला, पडद्याकडे बघून इंग्रजीत म्हणाली, दोन्ही कडू आहेत, आणि माझ्याकडे वळून हळूच, "हे तुझ्या बाबांना विचारायचं रे."

आमचा माल कॅरिन्यानशिवायच ठरला. फेब्रुवारीत टेकडीवर ट्रॅक्टर चढला. आता तिथली माती लाल आणि उघडी आहे, नातीने दाखवली मला फोनवर.

त्या कॉलनंतर तिचा मेसेज आला होता. "आजीसमोर माझ्यासाठी खोटं बोललास. माझ्यासाठी असं कुणीच कधी केलं नव्हतं." मी लिहिलं की खोटं नव्हतं, मला तसंच लागलं होतं. ते पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. खरं सांगितलं असतं तर मी एक बरा चाखणारा ठरलो असतो, बस. तिच्या वेली बरोबर होत्या हे सांगणारी एक तरी जीभ होती, हे तिला कळलं असतं. आता तिला वाटतं की बागेत तसा दम नव्हता, फक्त एक मुलगा तिच्यासाठी भांडला. कधी कधी ती म्हणतेही, आजीचंच बरोबर असेल.

तुम्हाला हे पाठवायचा पत्ता नाही, ते बरंच आहे. मी तिला उत्तर दिलं, "तुझ्यासाठी काहीही." तेव्हापासून ती रोज फोन करते.