सहाव्या पानाचा विजय

चिंचवड, १९ जून १९५७

कुसुमला कॉलेजात प्रवेश मिळाला! मी स्वतः मॅट्रिक नापास, पण महिनाभर पुण्यातल्या कॉलेजांच्या खिडक्यांपुढे भटकून, विचारून विचारून लिहिलेली माझी वही कामी आली. वहीला नाव अजून सुचत नाही. 'कॉलेजची तयारी'? राहू दे.

कुसुमचे वडील ज्ञानूतात्या कॉलेजच्या खिडकीपुढे अडून बसले होते म्हणे. शाळेचा अस्सल दाखला कोपरीच्या खिशात दाबून नक्कल पुढे केली. कारकून म्हणाला, "अस्सल द्या, नाहीतर निघा." तात्या निघालेच! जमिनीचे कागद एकदा असेच कुणाला दिले, ते परत दिसले नाहीत. मग दाखला कसा सुटणार?

कुसुमने तिथेच सहावं पान वाचून दाखवलं. 'अस्सल द्यावाच लागतो. पावती हक्काने मागा.' मग तिनेच मागितली. कारकुनाने कपाळाला आठ्या घालून दिली.

संध्याकाळी तात्या माझ्या दारातूनच गरजले, "बेन्या, पावतीचं आधी का न्हाई सांगितलंस?"

दोनदा सांगितलं होतं! वही वाचून दाखवताना सहावं पान आलं की हे घोरायचे.

उद्या तात्याच वही घेऊन आकुर्डीला निघालेत. कुसुमच्या मैत्रिणीचा बाप दाखला सोडत नाही, त्याला समजावायला.