आमचा कॉम्प्युटर बोलू लागला त्याची हकिकत

मोलो, इलोइलो
रविवार, दुपार

प्रिय मानांग साल्व्हासियोन,

तुमचा हात मनातल्या मनात घेऊन कपाळाला लावते. गुडघे कसे आहेत? तिकडे बाकोलोदला माझ्या थोरल्या नणंदेचा, म्हणजे तुमचा, धाक सगळ्या शेजारपाजाऱ्यांना अजून आहे ना? आम्ही दोघं बरी आहोत. तुम्ही बोटीने पाठवलेला पियायाच्या गोड पोळ्यांचा डबा पोचला. (त्यावर तुम्ही 'दोघांसाठी' असं लिहिलं होतंत. ते आपल्याला वाचता आलं नाही असं तुमच्या भावाने रिकामा डबा हातात देताना सांगितलं. मी विश्वास ठेवला नाही.)

पत्राला उशीर झाला, कारण आमचा कॉम्प्युटर बिघडला. बंद पडला असता तर मी एवढं मनावर घेतलं नसतं, पण तो बोलायला लागला. एका सकाळी मी टेबल पुसत होते, फडका माउसला लागला, आणि घरात एक परका पुरुष इंग्रजीत काहीतरी म्हणाला. मी आधी अंगातला झगा सारखा केला आणि मग कोण आहे म्हणून विचारलं. पुन्हा माउस हलवला तर पडद्यावर जे जे होतं ते तो वाचून दाखवायला लागला, अगदी अमेरिकन हेलात. तुमचा भाऊ तेरियो अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होता. तिथूनच म्हणाला, "जुनं झालंय ते, पितांग. वय झालं की सगळेच बडबडतात." आणि हे बोलताना त्याने कॉम्प्युटरकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

मग मी कामाला लागले. आधी बंद करून परत चालू केला (हा उपाय नवऱ्यालाही लागू पडता तर किती बरं झालं असतं). मग सगळ्या वायरी उपटून, पुसून परत खोचल्या. एक उरली. ती पंख्याची निघाली. मग आवाज अगदी बारीक केला, तर दुसऱ्या दिवशी तो आपला पुन्हा मोठा. शेवटी शेजारच्या जेम्माला हाक मारली. ती हायस्कूलमध्ये कॉम्प्युटर शिकवते. बाईने बूडसुद्धा टेकलं नाही. खिडकीचं चित्र असलेलं बटण, कंट्रोल आणि एंटर, तिन्ही एकदम दाबली, आणि पाहुणा गप्प! म्हणाली, "तीता पितांग, हा बिघाड नाही. ज्यांना कमी दिसतं त्यांच्यासाठी ही सोय असते. चुकून दाबलं गेलं असेल." आमचं मांजर कीबोर्डवर झोपतं, तेव्हा गुन्हेगार सापडलाच. मी त्याला त्या खोलीतून हद्दपार केलं.

दुसऱ्या सकाळी पाहुणा हजर. शिवाय पडद्यावरची अक्षरं एवढाली झालेली, की ओळीत दोन-तीन शब्द मावतील तर शपथ. जेम्मा पुन्हा आली. कंट्रोल धरून वजाचं बटण दाबलं की अक्षरं लहान, अधिकचं दाबलं की मोठी, हेही मला शिकवून गेली. (तुमच्याकडे असं झालं तर हेच करा, दुकानात नेऊ नका.) तिसऱ्यांदा आली तेव्हा मात्र तिने मला बाजूला घेतलं. "तीता, मांजराला तीन बटणं एकदम दाबायला कोणी शिकवलं? तेरियो तितोंना नीट दिसतं ना?" मला रागच आला. म्हटलं, "अगं, दर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभा राहून वाचतो तो! न दिसता वाचतो की काय?"

मानांग, तो खरंच न दिसता वाचतो.

शुक्रवारी मी बाजारातून लवकर परतले. दारातच पाहुण्याचा आवाज ऐकू आला. तेरियो खुर्चीत ताठ बसला होता, डोळे मिटलेले. रविवारचं वाचन चर्चमधून ई-मेलने येतं. कॉम्प्युटर त्यातलं एकेक वाक्य म्हणत होता आणि हा त्याच्यामागून म्हणत होता. चुकला की पुन्हा तेच वाक्य. (कॉम्प्युटर संत पौलाचं पत्र बोटीचं वेळापत्रक वाचल्यासारखं वाचतो. भाव सगळा तुमच्या भावाचा.) मी मासळीची पिशवी घेऊन तशीच दाराबाहेर उभी राहिले. मग गुपचूप गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि तिथून मासे महागल्याबद्दल मोठमोठ्याने कुरकुरत परत आले. घरात पोचले तेव्हा कॉम्प्युटर बंद होता आणि तेरियो वर्तमानपत्र वाचत होता. कालचं.

आज सकाळी मी गाणाऱ्यांच्या रांगेत, वाचायच्या चौथऱ्याला अगदी लागून होते. तेरियो आला, चष्मा लावला, पुस्तक उघडलं, ओळींवरून बोट फिरवत इतकं सुंदर वाचलं की पाद्रीसाहेबांनी मान वर केली. मध्ये एकदा पानसुद्धा उलटलं, रुबाबात. मला उघडं पान दिसत होतं. ते मागच्या रविवारचं होतं. पुढचं स्तोत्र मला गाता आलं नाही. घसा बसलाय असं बाजूच्या बाईला खुणेनं सांगितलं.

घरी येताना त्याने विचारलं, "कसं झालं?"

"छान. जरा घाई केलीस."

"घाई? उलट त्या मशीनपेक्षा सावकाश..." एवढं बोलून तो थांबला. मी रस्त्याकडे बघायला लागले.

तो का लपवतो ते मला कळतं. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तुमच्या वडिलांना दिसेनासं झालं, तेव्हा त्यांचा हात धरून त्यांना चर्चला नेणारा तेरियोच होता. बाकी सर्व ठीक. कॉम्प्युटर बोलतोय तर बोलू दे. मांजराची मी माफी मागितली, पण त्याने अजून ती स्वीकारलेली नाही.

तुमची भावजय,
पर्पेतुआ (पितांग)

ता. क. : मानांग साल्व्हासियोन, पत्र लिहिण्याचं खरं कारण हे. तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं त्या डॉक्टरीणबाईंची बुधवारची वेळ घ्या, आणि तुमचं जड कपाट हलवायचंय असं सांगून तेरियोला बोलावून घ्या. माझं तो ऐकणार नाही. तुम्हाला तो अजून भितो. मी सुचवलं हे कळू देऊ नका.

आणखी ता. क. : कळलं. वरचं सगळं पत्र मी आवाज बंद ठेवून, तो झोपलेला असताना टाइप केलं. मग भात टाकायला उठले, तेवढ्यात तो उठून, आवाज चालू करून मशीनवर बसला आणि मग मासा तळायला गेला. मी परत येऊन ता. क. लिहायला घेतला, आणि पाहुण्याची आता इतकी सवय झाली आहे की तो प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणतोय हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आपल्या भाषेचं त्याने पार भरीत केलं, पण 'साल्व्हासियोन' आणि 'डॉक्टर' हे दोन शब्द स्वयंपाकघरापर्यंत स्वच्छ पोचले. तेरियो हातात झारा घेऊनच आला. मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ओरडेल. तो शेजारी बसला. आत मासा करपत होता, पण दोघंही उठलो नाही. मग म्हणाला, "बुधवारी जातो. पण कपाटही हलवूनच येतो. मानांगला उगाच खोटं बोलायला लावू नकोस." आणि बऱ्याच वेळाने, "तिला दुखलं होतं का, तेवढं विचार."

तर मानांग, 'मुळीच दुखलं नाही' एवढंच लगेच कळवा. दुखलं असलं तरी. (हे शेवटचं लिहिण्याआधी आवाज बंद केला आहे. तीन बटणं, एकदम. मला आता येतं.)