बाबाच्या पिक्चरला सहा मार्क

तीर्थरूप दादूस यास,

धाकट्या बहिणीचा, रखमाचा, पाया पडून नमस्कार. (पाया तुझ्या वयाच्या पडतेय, वागण्याच्या नाही.) तुझी शुगर, वहिनीचा गुडघा आणि शिवडीच्या गोदामातला तुझा तो खडूस शेठ, तिघंही आपापल्या जागी असतील असं धरून चालते. इथे वरळीला कोळीवाड्यात आम्ही सगळे ठीक. बय ठीक नाही (आई आहे ती तुझी, विसरला नसशील), पण ते पुढे लिहिते. डब्यात बोंबील आहेत. आधी ते खा. बोंबील गार झाले की चिंधी होतात, पत्र गार झालं तरी चालतं.

कागदावर लिहायची वेळ तूच आणलीस. घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलास, माझा फोन घेत नाहीस, आणि माझ्या निमेशने लावला तर वहिनी सांगते आंघोळीला गेलेत. गेल्या रविवारपासून तुझी आंघोळच चालली आहे. एवढं पाणी शिवडीला कुठून येतं ते कळव, आमच्या नळाला धार नाही. म्हणून त्याच पोराच्या हातात डबा दिला आणि डब्याखाली हे पत्र. चौथीनंतर एवढं लांबलचक पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझं तरी कुठे मोत्यासारखं आहे.

तुला विसर पडला असेल म्हणून मुळापासून सांगते. बाबाच्या दहाव्याला खडकावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. आता आपल्या कोळीवाड्यात माणसं कमी आणि कावळे जास्त, सुकत घातलेल्या मासळीवर काठी घेऊन बसावं लागतं, आणि त्या दिवशी एक जवळ येईल तर शपथ. भटजी घड्याळ बघायला लागले. मग तू म्हणालास, बाबा, होडीचं इंजिन नवीन घालतो. कावळा हलला नाही. मी म्हटलं, बाबा, वहिनीशी परत कधी भांडणार नाही. त्यावर कावळ्याने मान फिरवली (त्यालाही पटलं नसावं). शेवटी तू हात जोडून म्हणालास, "बाबा, तुझा तो घोडेवाल्यांचा पिक्चर आम्ही सगळे एकत्र बसून बघू, पार शेवटपर्यंत." आणि तो मेला कावळा सरळ खाली उतरून भात खाऊन, चोच पुसून गेला. हे शब्द तुझे, दादूस. इंजिन मागितलं नाही, पिक्चर मागितला. आणि पार शेवटपर्यंत असं तूच म्हणालास, मी नाही.

तर गेल्या रविवारी आपण बसलो. निमेशने कुठून तरी तो पिक्चर टीव्हीवर लावला, तोही हिंदीत बोलणारा, म्हणजे गोरा माणूस घोड्यावरून उतरून कमबख्त म्हणतो. तू पुढे जमिनीवर, बय खाटेवर, बाकी आम्ही मिळेल तिथे. बाबाने लहानपणी जाळं विणता विणता त्याची एवढी गोष्ट सांगितली होती की मला वाटलं डोळे दिपतील. दिपले नाहीत, मिटायला लागले. एक माणूस येतो, टोपीखालून बघतो, विधवेच्या कुंपणापाशी उभा राहतो, परत बघतो. गावात दारूचं दुकान आहे, देऊळ आहे, बाजार नाही. मग हे खातात काय? एवढी मोठी नदी दाखवली, तिच्यात एकाने जाळं टाकलं नाही. पाण्याच्या कडेला बसून शिजवलं काय, तर डबाबंद घेवडा. हे मी बोलले तेव्हा तू मागे वळून माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघितलंस, तसे डोळे त्या हिरोला जमले असते तर पिक्चर चालला असता.

बरं, मी एकटीच बोलत होते काय? वहिनीला घोडा आवडला, ती सारखी म्हणत होती, किती गुणी, किती शांत (आणि तुझ्याकडे बघून म्हणत होती). सूनबाई शेफालीला त्या विधवेचा झगा आवडला, पण एवढ्या धुळीत तो पांढरा कसा राहतो हे ती सगळ्यांना विचारत सुटली. आमचे हे व्हिलन कोण एवढं विचारून घोरायला लागले. बयला राग एकाच गोष्टीचा, सगळे बूट घालून घरात शिरतात आणि बुटासकट खाटेवर आडवे होतात. अशा घरात कोण पोरगी देईल, असं तिने मला दोनदा विचारलं.

पुढचं तर तुला ठाऊकच आहे, तरी लिहिते, कारण तू वहिनीला वेगळंच सांगितलं असणार. हिरो भर रस्त्यात कमरेच्या बंदुकीवर हात ठेवून उभा राहिला आणि तू म्हणालास, आता हा मरणार, बाबाने सांगितलंय, टेकडीवर पुरतात. मी म्हटलं काहीतरी काय, तो त्या विधवेशी लग्न करतो, घोडा विकून गाई घेतो, मला बाबानेच सांगितलंय. तू म्हणालास मी खोटारडी. मी म्हटलं तू बहिरा. भांडण मिटावं म्हणून माझ्या शहाण्या पोराने पिक्चर थांबवला आणि मोबाईलवर जगभरच्या बघणाऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचायला घेतलं. एकाने लिहिलं, बरा आहे, मधे लांबतो. एकाने लिहिलं, हिरोपेक्षा मागचा डोंगर चांगलं काम करतो. कोणीतरी लिहिलं, रविवारी दुपारी जेवून पडल्या पडल्या बघायला ठीक. आणि सगळ्यांचे मिळून दहात सहा मार्क.

त्यावर तू ताडकन उभा राहिलास. म्हणालास, "माझ्या बापाला सहा मार्क देणारे हे कोण?" आता मार्क बापाला नव्हते, पिक्चरला होते, एवढं मला कळलं. आणि सहा म्हणजे पास, आपल्या घरात गणितात एवढे कोणाला पडले होते? पण मी नको ते बोलले, की सहा पण माया करून दिलेत, मी पाच दिले असते. तू निघून गेलास. वहिनी अर्धा लाडू हातात घेऊन तुझ्यामागून गेली. टीव्ही लावला की तो हिरो अजून तिथेच, बंदुकीवर हात ठेवून ताटकळत उभा. त्यालाही तुझ्यासारखंच, पुढे जायचं नाही आणि मागे वळायचं नाही.

आता खरी पंचाईत ऐक. बोंबील वाळत घालायच्या आपल्या वलांडीवर सोमवारपासून एक कावळा येऊन बसतो. बाकीचे बोंबील पळवतात, हा बोंबलाकडे बघत नाही, माझ्याकडे बघतो. मी काठी दाखवली, तो टोपीखालून बघावं तसा बघतो. बय म्हणते तुझा बाप आलाय. सकाळी त्याला भात घालते आणि स्वतः चहावर राहते. मी ओरडले, निमेश ओरडला, शेफालीने रडून बघितलं. बय ऐकत नाही. दिलेला शब्द अर्धा राहिला, घास कसा उतरेल, म्हणते. तिला आता वाळायला काही शिल्लक नाही, दादूस. तेव्हा राग शिवडीत ठेव आणि ये. मी तोंड बंद ठेवीन. (नदी दाखवली तर सांगता येत नाही.)

तुझी सख्खी आणि खरं बोलणारी बहीण,
रखमा

ता. क. रागाने जाताना तू आमच्या ह्यांच्या चपला घालून गेलास. तुझ्या त्यांना दोन बोटं मोठ्या होतात, आठवडाभर ते फटाक फटाक चालतायत. निदान तेवढ्यासाठी तरी ये.

दुसरा ता. क. पत्र बंद करत होते तेवढ्यात बयला विचारलं, तूच सांग, शेवट कोणाचा खरा, माझा की दादूसचा. तिने चहाची कपबशी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुमच्या बापानं शेवट कधी बगलाच नाय." बय लालबागला मासळी विकायला बसायची, समोरच थिएटर. बाबा तिच्या टोपल्या उतरवून सकाळच्या खेळाला जाऊन बसायचा. हिला माल संपल्यावर थांबणं माहीत नाही, टोपल्या उचलायला माणूस नसेल तर बाजार डोक्यावर घ्यायची. त्या भीतीने तो शेवट यायच्या आत उठून यायचा. पिक्चर परत लागला की परत जायचा आणि परत अर्ध्यातून उठायचा. म्हणून तुला मारामारी आवडायची तर तुला मेलेला हिरो सांगितला, आणि मी रडायचे म्हणून माझ्यासाठी त्याचं लग्न लावून दिलं. दोन्ही शेवट त्याने घरचेच बनवले. बय म्हणते, एवढं काय होतं त्यात, जे मी त्याला बगू दिलं नाय, ते मला बगायचंय. मी म्हटलं आत्ता लावते. तर म्हणते, नको, दादूसला येऊ दे.

तिसरा ता. क. भरल्या घरचा डबा रिकामा परत करायचा नसतो हे वहिनीला माहीत आहे. पण साखर, पोहे काही भरू नका. डबा हातात घेऊन तू ये. पिक्चर पाचाचाच आहे, त्यात मी मागे हटणार नाही. पण तू येऊन शेवटपर्यंत बसलास तर बाबाच्या नावाने सात देईन. त्याच्यावर अर्धा मार्कही मिळणार नाही.