सोडलेली ओळ

राळेगाव, बुधवार, दिवेलागण

चार दिवस लिहायचं टाळलं. बोटांना लसणाचा वास येतो म्हणून, असं स्वतःलाच सांगत होतो. खरं तर भीती होती.

काकांच्या दोडक्यावर भुरी आली, पानं पीठ शिंपडल्यासारखी पांढरी. मी लसूण न् कडुनिंबाचा पाला वाटून, गाळून फवारला. एक ओळ मुद्दाम सोडली, फरक कळावा म्हणून. काका म्हणाले, "फरक दिसला तर अर्धा एकर तुह्या हाती. नाहीतर हिंडाले मोकळा."

आज पाहतो तर सगळ्याच ओळींची नवी पानं हिरवीगार! मी सोडलेल्या ओळीवरही काकूनं पहिल्याच दिवशी गुपचूप फवारलेलं. म्हणते, "त्या बिचारीनं काय पाप केलतं रे?"

आता काकांना फरक कुठून दाखवू? चिडलो. पण छाती फुगलीच. बोटं पुन्हा हुंगली. वास आहेच.

बांधापलीकडे गफूरचाचांचे दोडक्याचे वेल अजून पांढरेच. रोज हसायचे, "वावराले लसणाची फोडणी देऊन राह्यला काय बे?"

थांब, काका हाक मारून राह्यले. दारात कोण? गफूरचाचा! हातात रिकामा डबा, न् काका माझ्याकडे पाहून हसून राह्यले.