उद्या आधी डावा पाय

माझ्या न राहिलेल्या राणीसरकार,

खेड्यातल्या शाळांत आपण दोघं नाच शिकवू म्हणालीस, म्हणून मी कॉलेज अर्धवट सोडलं. तू मात्र या शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या साहेबाशी लग्न ठरवून शहरात पळालीस आणि सांगत सुटलीस, "तो? तो नुसता स्पीकर उचलायचा."

उद्या शाळेच्या कार्यक्रमाला साहेबाला घेऊन येतेयस म्हणे. मुलांच्या पुढे उभी राहून नाचणार, फोटो काढून घेणार. ये की!

नाच तूच बसवलेला, उजव्या पायाने सुरू होणारा. पण पोरांना शिकवला मी, त्यांच्याकडे तोंड करून. मी उजवा टाकला की समोरून ती डावा टाकतात. मी मुद्दाम तसंच राहू दिलं. काय सुंदर नाचतात गं! एकीने विचारलंही, "दादा, ताईपण असंच करणार ना?" म्हटलं, "ताईकडे बघूच नकोस."

उद्या सगळी पोरं एकसाथ डावीकडे जातील आणि तू एकटी उजवीकडे. लोक हसतील ते तुला.

पत्र टाकत नाही, वाचून पाय बदलशील. शिवाय चुकलीस की तू आधी माझ्याकडेच बघतेस. तेवढं तरी मला हवंय.

नुसता स्पीकर उचलणारा