बदला व्हाया बोलोन्या

२ जुलै २००३, शारजा
ठरलं. ऑगस्टमध्ये इटली, बोलोन्या. गेल्या गणपतीत विघ्नेशनं त्याच्या घरी सगळ्या मंडळींसमोर तिथले बूट मिरवले, मोदक थंड होईपर्यंत तिथल्या जेवणावर बोलला आणि वर म्हणाला, अरुणराव, तुम्हाला तिथला मेनू तरी वाचता येईल का? सगळे हसले. कुंदाही हसली. बायको माझी. यंदा गणपती आमच्याकडे. त्याच्यापेक्षा चांगलं जेवून, त्याच्यापेक्षा स्वस्त बूट आणून, त्याच मंडळींसमोर हिशेब चुकता.

९ जुलै
इटालियन शिकतोय. क्लास नाही, गुरू नाही. वेल्डिंगही असंच शिकलो. आज इंडस्ट्रियल एरियातलं अख्खं वर्कशॉप हाताखाली आहे. तिथं गेल्यावरचे नियम: चौकातल्या हॉटेलात पाय ठेवायचा नाही. कामगार दुपारी जेवतात तिथंच जेवायचं. कॉफी उभ्यानं, बसलं की भाव वाढतो. बूट अंगठ्यानं दाबून, वास घेऊन.

२३ जुलै
इथल्या रोल्ला बाजारात विघ्नेश भेटला. म्हणाला, ऑगस्ट नको, ऑक्टोबरमध्ये जा. म्हणजे गणपती उरकल्यावर. डाव लगेच ओळखला. स्वतः ऑगस्टमध्येच गेला होता. मिहिकाही म्हणाली, बाबा, चेक फर्स्ट. पोरीला फितवलंय. ऑगस्टमध्ये दुनिया फिरायला निघते. नेमकं तेव्हाच शटर ओढेल असा दुकानदार अजून जन्मायचाय.

१४ ऑगस्ट, बोलोन्या
ऊन शारजाच्या तोडीचं. पहिली खाणावळ बंद. दुसरीही. दारावर चिठ्ठी: सुट्टीवर आहोत, एक सप्टेंबरला उघडू. न अडखळता वाचली. विघ्नेशला जमलं असतं?

१५ ऑगस्ट
आज बूटवाले, भाजीवाले, सगळेच बंद. आपल्या स्वातंत्र्यदिनाचा इतक्या लांब एवढा मान, हे विघ्नेशनं कधी सांगितलं नाही. कुंदानं दिलेला चिवडा खाल्ला. कमानीखाली, उभ्यानं. नियम पाळला.

१७ ऑगस्ट
चिवडा संपला. चौकातल्या हॉटेलात बसलो. कॉफी बारा दिरहॅम, म्हणजे दीडशे रुपये. पास्ता गार. वेटर बांगलादेशी. मी इटालियनमध्ये विचारत राहिलो, तो हिंदीत उत्तरं देत राहिला. म्हणाला, अगस्त में तो शहर खाली रहता है, भाईसाब, सिर्फ गल्फवाले आते हैं.

२६ ऑगस्ट, शारजा
रोल्लाला हमीदच्या दुकानातून काळे बूट घेतले. तळावर इटलीचा छाप आहे. बोलोन्याला मी जाऊन आलो, हे महत्त्वाचं. बूट कुठले, हा तपशील. हमीदनं न विचारता खोकं बाजूला ठेवलं. म्हणाला, डिब्बा नहीं चाहिए ना? पिछले साल विघ्नेशसाब भी इटली से लौटके यही ले गए, डिब्बा यहीं छोड़ गए.
सापडला. विघ्नेश खलास. आरती झाली की सगळ्यांसमोर सांगणार.

२७ ऑगस्ट
एक अडचण. हमीदच्या दुकानात मी काय करत होतो, हेही सांगावं लागेल.

३१ ऑगस्ट
गणपती बसले. दाराबाहेर मंडळींच्या चपला, त्यांत दोन काळे जोड शेजारी शेजारी. विघ्नेश बराच वेळ तिथंच उभा होता. मग आत येऊन म्हणाला, बोलोन्या म्हणजे काय शहर आहे, नाही अरुणराव? म्हटलं, आणि जेवण? तो म्हणाला, जेवणाचं तर विचारूच नका. कुंदा दोघांकडे आलटून पालटून बघत होती.
जाताना तो माझे नवे बूट घालून गेला. त्याचे झिजलेले राहिले, एक नंबर लहान. बदलून मागायचे, तर दोन्ही जोड एकसारखे होते हे आधी कबूल करावं लागेल.
उद्या वर्कशॉपला हेच घालून जाणार. चालता चालता सैल होतील.