रंभाबेनचा जळका रोटला

भावनगर, पोष वद छठ

पूज्य मोटीबेन,

जय श्रीकृष्ण. द्वारकेच्या त्या वाऱ्यात तुझे गुडघे कसे आहेत? जिजाजींचा खोकला गेला, की अजून ओसरीवर बसून शेजाऱ्यांना घाबरवतायत? आमच्याकडे सगळे मजेत आहेत. (हे वाक्य मी दर पत्रात लिहिते, तू दर पत्रात वाचतेस, आणि आता दोन पानं रडगाणं येणार हे दोघींनाही ठाऊक असतं. तर ते आलं.)

आधी एक स्पष्ट करते, मी कुणावर जळत नाही. मला ती सवयच नाही. आमच्या शेजारच्या रंभाबेनचं मात्र सगळंच जळतं. रोटला जळतो, शाक जळतं, आणि एकदा तर बाईनं नुसतं पाणी उकळायला ठेवून भांडं जाळलं. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं ऑपरेटर होती, लग्न केलं नाही, डब्यावर जन्म काढला. निवृत्त झाल्यावर स्वयंपाक शिकायला घेतला, तो अजून शिकतेच आहे. आणि माझी झरणा, जिच्या आईचं उंधियु ज्ञातीच्या मेळाव्यात दर हिवाळ्यात सगळ्यात आधी संपतं, ती मुलगी दुपारची जेवते कुठे? रंभाबेनकडे! वर तिला मासी म्हणते. बेन, मासी तू आहेस. तुला काहीच वाटत नाही? मला आपलं वाटलं, म्हणून लिहिलं.

फोनवर तुला मी अर्धंमुर्धंच सांगितलं होतं, आता नीट सांगते. झरणा वडोदऱ्याला हॉस्टेलवर गेली आणि पहिल्या वर्षी रात्रीचं जेवण सुटलं. मग भात सुटला, मग तेल-तूप, मग मैत्रिणींबरोबर जेवायला बसणंच. सणाला घरी आली की ‘बसमध्ये खाल्लं’ म्हणायची. मी विश्वास ठेवायची, कारण सगळी सोसायटी म्हणत होती, बारीक झाली, किती छान दिसते. (मीसुद्धा म्हटलं होतं. दोनदा.) श्रावणात ती प्रयोगशाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली, आणि तिला आणायला गेले तेव्हा तिचा दंड माझ्या मुठीत आला. त्यापुढचं लिहीत नाही. डॉक्टर म्हणाले, हा हट्ट नव्हे, नखरा नव्हे, आजार आहे, आणि तो रागावून बरा होत नाही. कॉलेजातून वर्षाची सुट्टी घेतली. घरातला वजनकाटा तिच्या पप्पांनी माळ्यावर टाकला. आता दर आठवड्याला दवाखान्यातच वजन होतं, तेही काट्याकडे पाठ करून. आकडा फक्त डॉक्टरांना ठाऊक.

तिथं आहार सांगायला कृपालीबेन म्हणून एक मुलगी आहे. (मुलगीच, माझ्या पोळपाटाहून वयानं लहान.) ती म्हणाली, बाजारातल्या पावडरी नकोत, घरातलंच द्या. तूप घातलेली खिचडी, बाजरीचा रोटला, गूळ, शेंगदाणे, तीळ, दही, केळं, खजूर. थोडं थोडं, वेळेवर, दिवसातून सहा वेळा. हे ऐकून मला आकाश ठेंगणं झालं, बेन! आजार देवानं दिला खरा, पण औषध माझ्याच ओट्यावर ठेवलं. मी त्याच दिवशी गूळ-कणकेची सुखडी केली. तूप असं, की ताट तिरकं केलं तर गावातून वाहत जाईल. मेथीचे लाडू केले, तिळाची चिक्की केली, उडदाचा अडदिया केला. सगळं बश्यांत मांडून तिच्यासमोर ठेवलं आणि मी समोर उभी राहिले. झरणानं बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खाल्लं काहीच नाही.

मग मी शहाणपण केलं. तिच्या डाळीत गुपचूप चार चमचे तूप घातलं. तिला पहिल्याच घासाला कळलं. (नाक माझं घेतलंय मेलीनं.) भांडली नाही, ओरडली नाही. वाटी खाली ठेवून इतकंच म्हणाली, “मम्मी, आता तू दिलेलं काहीही खाताना मला आधी शंका येईल.” त्यानंतर दोन दिवस ती पाणीसुद्धा स्वतः ओतून घेत होती. कृपालीबेन माझ्यावर इतक्या शांतपणे रागावली की त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

आणि तिसऱ्या दिवशी दुपारी झरणा शेजारी गेली, रंभाबेनचा रेडिओ बिघडला होता तो बघायला, आणि जेवून आली! मी विचारलं काय होतं, तर म्हणे, रोटला, गूळ, दही. “रोटला कसा होता?” “एका बाजूनं जळका.” “आणि दुसऱ्या?” “कच्चा.” हे सांगताना हसत होती, बेन. तीन वर्षांनी हसली, तेही दुसरीच्या रोटल्यावर. मी देवापुढे दिवा लावला आणि त्याच दिव्याशी उभी राहून रंभाबेनला मनातल्या मनात बरंच काही बोलले.

रोज तिथं काय चालतं ते बघायला नको? मी विरजण मागायला गेले. दुसऱ्या दिवशी परत विरजण. त्या आठवड्यात चार वेळा विरजणच. शेवटी रंभाबेन दारातच म्हणाली (तिचा आवाज अजून मुंबईशी ट्रंक कॉल लावल्यासारखाच आहे, सगळ्या सोसायटीनं ऐकलं), “निरंजना, तुझ्या घरी दही लागतच नाही का गं? का तू गायीलाच विरजण लावतेस?” मग मी गच्चीवर स्टुलावर चढून तिच्या व्हरांड्यात डोकावले. स्टूल डगमगलं, मी वाळत घातलेल्या पापडांवर बसले. तीन डझन पापडांचा चुरा झाला, पण बसता बसता मी पाहिलं ते पाहिलंच. झोपाळ्यावर दोघी, मांडीवर ताटल्या, टीव्हीवर क्रिकेट. रंभाबेन मचमच आवाज करत जेवत होती, पंचाला शिव्या देत होती, आणि झरणाकडे बघतसुद्धा नव्हती. माझी पोर काय खाते, किती खाते, काही लक्ष नाही! आणि पोर खात होती.

मी हार मानणारी आहे का? दुसऱ्या दिवशी माझे रोटले रंभाबेनच्या हाती दिले आणि हात जोडले, तुमचे म्हणून वाढा. बिचारीनं वाढले. झरणानं रोटला उचलला, फिरवून पाहिला, म्हणाली, “मासी, हा गोल आहे. हा मम्मीचा आहे.” आणि ताटात ठेवला. रंभाबेननं मला हे सांगितलं तेव्हा मी तिच्याच झोपाळ्यावर बसून रडले. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि जळका चहा करून दिला. चौतीस वर्षं लोकांचं नुसतं ऐकायची सवय, दुसरं काय.

पुढच्या सोमवारी दवाखान्यात मी कृपालीबेनसमोर सगळं गाऱ्हाणं घातलं. मला वाटलं ती रंभाबेनला चार शब्द सुनावेल. तिनं मलाच विचारलं, “काकी, तुम्ही कधी जेवता?” मी म्हटलं, सगळ्यांचं झाल्यावर. “कुठे?” ओट्याशी, उभ्यानंच, मला कुठे बसायला वेळ? “आणि सुखडी?” मी कानाला हात लावला. नको गं बाई, मी आधीच अशी, एक तुकडा खाल्ला तर दारातून मावणार नाही.

तेव्हा झरणा बोलली. खाली बघत, हळू. “रंभामासी माझ्याबरोबर जेवते. तू समोर उभी राहतेस, परीक्षेत पेपरवर लक्ष ठेवायला सर उभे राहतात तशी. तुला सुखडीची भीती वाटते मम्मी, आणि तीच तू मला बशीभर देतेस.”

घरी आल्यावर मी दोन ताटल्या घेतल्या, टीव्ही लावला, खाली बसले. दोघींना सुखडीचे दोन-दोन तुकडे. माझा तुकडा तोंडात घालण्याआधी मी तो दोनदा मोडून लहान केला, आणि पोर रोज सहा वेळा काय करत असेल ते मला तेव्हा कळलं. मग खाल्ला. मोटीबेन, बावीस वर्षं सुखडी करते आहे, कशी होते ते लोकांच्या तोंडाकडे बघूनच ठरवत होते. काय होते गं! मी तिसराही घेतला. झरणा तिरक्या डोळ्यानं बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, पंचाला एक शिवी दिली. (तो पंच नव्हता म्हणे, कॉमेंट्री करणारा होता.) ती खो खो हसली आणि हसता हसता तिनं दुसरा तुकडा संपवला.

तर आता असं आहे. दुपार रंभाबेनची, बाकी सगळं माझं. मध्ये पंधरा दिवस वाईट गेले, एकदा तर ताट तासभर तसंच पडून होतं, मीही तासभर तशीच बसून राहिले. पण परवा डॉक्टर हसले. पप्पांशी रिमोटवरून भांडायला लागली आहे, जिने चढते, हात गरम असतात. भात आपणहून परत मागितला. मात्र तो रंभाबेनकडे मागितला. मी जळत नाही.

तुझी
निरंजना

ता. क. तू आलीस की तिला ‘भरलीस हं’ म्हणू नकोस. ‘गाल आले’, ‘आता बघण्यासारखी झाली’ हेही नको. ‘बारीक’ तर मुळीच नको. वाटल्यास जिजाजींच्या खोकल्याबद्दल बोल.

ता. क. २. खरं काम हे. रंभाबेनला द्वारकाधीशाच्या दर्शनाची फार ओढ आहे. (तिला अजून माहीत नाही.) तू तिला महिनाभर बोलावून घे. महिना कमी वाटला तर फाल्गुनी पौर्णिमेपर्यंत. एका दुपारसाठी तरी पोर माझ्याकडे जेवू दे गं.

ता. क. ३. पाकिटाला डिंक लावणार तेवढ्यात झरणानं वरचं सगळं वाचलं. म्हणते, मासी एकटी कशाला, तिघी जाऊ. आणि विचारते आहे, मोटी मासीकडे सकाळी नाश्त्याला काय असतं? पूर्वी हे विचारायची ते खाणं चुकवायच्या सोयीसाठी. आज बोटाला लागलेला गूळ चाटत विचारलं, मी नीट पाहिलं. (तिरक्या डोळ्यानं.) काय करणार आहेस ते लगेच कळव. काहीही कर, ढेबरा कर, गाठिया कर, फक्त माझ्याहून चांगलं करू नकोस.